ड्राफ्टचा शनिवार

एप्रिल जवळ आला की माझ्या टाइमलाइनवर दरवर्षी तीच पोस्ट फिरायला लागते. टॉम ब्रेडीचा उघड्या अंगाचा, अर्ध्या चड्डीतला तो जुना फोटो आणि खाली लिहिलेलं, 199 नंबरला घेतलेला पोरगा, सात सुपर बोल जिंकला, स्वतःवर विश्वास ठेवा. मला खरंच राग येतो त्याचा. ब्रेडीचा नाही, पोस्टचा. कारण त्यात सगळं श्रेय एक तर नशिबाला जातं नाहीतर जिद्दीला, आणि ज्या माणसाने हा पोरगा बघितला, पारखला आणि टीमला सांगितलं की ह्याला घ्या, त्याचं नाव कुठेच नसतं.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग, सुपर बोल म्हणजे तिची फायनल. एनएफएलमध्ये 32 टीम आहेत आणि कॉलेजातून येणारी पोरं त्या आळीपाळीने निवडतात, यालाच ड्राफ्ट म्हणतात, आपल्या आयपीएलसारखी बोली नसते, मागच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम आधी निवडते. सात राउंड, तीन दिवस, अडीचशेच्या वर पोरं. गुरुवारी पहिला राउंड, त्या दिवशी झगमगाट, सूट घातलेली पोरं, रडणाऱ्या आया, सगळा देश टीव्हीपुढे. शुक्रवारी दुसरा-तिसरा. आणि शनिवारी चौथा ते सातवा, तेव्हा बहुतेकांनी टीव्ही बंद केलेला असतो. माझ्या मते खरा ड्राफ्ट शनिवारीच असतो.

तर ब्रेडी. 2000 साल. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायला त्याला 5.28 सेकंद लागले होते, म्हणजे या खेळाच्या हिशोबाने बैलगाडी. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून टीमचा खेळ चालवणारे, गेले. पण न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचे क्वार्टरबॅक कोच होते डिक रीबाइन, त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या या पोराचा नीट अभ्यास केला आणि हाच घ्या म्हणून टीमकडे शब्द टाकला. आणि पुढचं मला दरवेळी आठवलं की पोटात कालवतं, रीबाइन ऑगस्ट 2001 मध्ये हृदयविकाराने गेले, पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ब्रेडीला मैदानात उतरवलं. ज्यांनी त्याला हेरला त्यांनी त्याचा एक स्टार्टही, म्हणजे पहिल्यापासून खेळलेली एक मॅचही, बघितली नाही. त्या व्हायरल पोस्टमध्ये एक ओळ या माणसासाठी लिहिली तर काय बिघडेल?

आणि त्याच टीमचे स्कॉट पियोली, ते ड्राफ्टचं काम बघायचे, त्यांनी पुढे टेबलावर फोटो ठेवला होता तो डेव्ह स्टॅचेल्स्कीचा. कोण हा? तर त्याच ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी, पाचव्या राउंडला घेतलेला खेळाडू, जो पॅट्रियट्सकडून एकही मॅच खेळला नाही. आपण एवढे हुशार असतो तर ब्रेडीला एवढा वेळ थांबवला नसता, हे रोज डोळ्यासमोर राहावं म्हणून. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (तेच ते, ज्यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी ड्राफ्टचा बारकाईने अभ्यास केलाय. एकाच पोझिशनचे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याचं प्रमाण त्यांना 52 टक्क्यांच्या आसपास सापडलं. म्हणजे जवळपास छापा-काटा! टीम पहिल्या नंबरांसाठी जीव टाकतात, पुढच्या दोन-दोन वर्षांचे पिक, म्हणजे निवडीचे हक्क, देऊन टाकतात, आणि त्या बदल्यात मिळणारी खात्री ही एवढीशी.

मग काय, सगळं नशीबच? इथेच माझं भांडण आहे. मी पिट्सबर्गला राहते, आणि या गावाने नशिबाचं म्हणणं पन्नास वर्षांपूर्वीच खोडून काढलंय.

बिल नन. हे नाव लक्षात ठेवा. हे मुळात पत्रकार, पिट्सबर्ग कुरिअर नावाच्या कृष्णवर्णीयांच्या पेपरचे संपादक. दरवर्षी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंची टीम काढायचे पेपरात. त्या कॉलेजांकडे तेव्हा बऱ्याच मोठ्या टीम ढुंकूनही बघत नव्हत्या. नन तिथे वर्षानुवर्षं जात होते, कोच ओळखीचे, त्यांची घरं ओळखीची. आपल्याच गावची स्टीलर्स टीम या पोरांना विचारत नाही म्हणून त्यांची नाराजी होती, ती टीमच्या मालक घराण्यातल्या डॅन रूनींच्या कानावर गेली, रूनींनी चिडायच्या ऐवजी बोलावून घेतलं आणि म्हणाले या, तुम्हीच काम करा आमच्यासाठी. 1960 च्या दशकाच्या शेवटाची गोष्ट.

आता 1974. अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा एक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, होता, जॉन स्टॉलवर्थ. बऱ्याच टीमचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, एकत्र त्याला बघायला गेले, गवत ओलं होतं, पोरगा पळाला, टाइम खराब आला, सगळ्यांनी आकडा लिहून घेतला आणि पुढच्या गावाला निघाले. नन म्हणाले मला बरं वाटत नाहीये, मी थांबतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच पोराला कोरड्या जागेवर परत पळवलं, आणि टाइम एकदम वेगळा. पिट्सबर्गात हा किस्सा अजून असाच सांगतात. आजारपणाचं सोंग केलं हे खरंय, पण मला त्यात थांबणं दिसतं. बाकीच्यांकडेही तेच घड्याळ होतं, तोच पोरगा होता, फक्त पायाखालचं गवत ओलं होतं हे कोणी हिशोबात धरलं नाही.

कोच चक नोल यांना स्टॉलवर्थ आधीच घ्यायचा होता. नन म्हणाले थांबा, चौथ्या राउंडपर्यंत राहतो तो. राहिला! बाकीच्या कॉलेजांत काय चाललंय हे जितकं माहीत असावं लागतं तितकंच बाकीच्या टीमना काय माहीत नाही हेही माहीत असावं लागतं, ननना दोन्ही माहीत होतं. पाचव्या राउंडला आला माइक वेबस्टर. त्या एका ड्राफ्टमधले चार जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहेत. आणि ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला डॉनी शेल, साउथ कॅरोलिना स्टेटचा, तोही त्याच वर्षी स्टीलर्सकडे आला, तोही हॉल ऑफ फेममध्ये. सत्तरच्या दशकात चार सुपर बोल. नन 2014 मध्ये गेले, 89 व्या वर्षी, ड्राफ्ट अगदी तोंडावर असताना, शेवटपर्यंत काम करत होते. त्यांना स्वतःला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला 2021 उजाडलं. एवढा उशीर का, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलेलं नाही.

मला हे सगळं सांगितलं ते आमच्या शेजारच्या आजोबांनी. आयुष्य स्टील मिलमध्ये गेलं त्यांचं. मी 2011 मध्ये लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांनी शनिवारी ड्राफ्ट बघायला बोलावलं. त्यांच्याकडे एक स्पायरलची वही होती, कोपरे मऊ झालेली. चौथ्या राउंडपासूनचं एकेक नाव पेन्सिलने लिहायचं, शेजारी कॉलेज, आणि शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट, हा मागे का राहिला. बस. चांगला का वाईट हे लिहायचं नाही, म्हणायचे ते तीन वर्षांनी कळेल.

तो शेवटचा रकाना हीच माझ्या मते सगळी विद्या आहे. जॉर्ज किटल 2017 ला पाचव्या राउंडला का आला? चाळीस यार्ड 4.52 सेकंदात पळणारा एवढा दांडगा गडी, पण त्याच्या कॉलेजची, आयोवाची टीम पास कमी द्यायची, बॉल घेऊन पळूनच खेळायची, अख्ख्या कॉलेजात त्याने झेल घेतले 48. त्याच्याकडे बॉलच आला नाही तर तो काय करणार? रिचर्ड शर्मन 2011 ला पाचव्या राउंडला का? आधी रिसीव्हर होता, कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, शेवटी शेवटी झाला, म्हणून कच्चा वाटला. सिअ‍ॅटलने त्याची उंची आणि लांब हात बघितले आणि शिकवू म्हणाले. आणि 2022 चा 262 वा, सगळ्यात शेवटचा पिक, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. चार वर्षं कॉलेजात स्टार्टर, सगळ्या जगाने बघितलेला, म्हणजे लपलेला नव्हताच तो, फक्त उंची बेताची आणि हात तोफेसारखा नाही म्हणून मागे ढकलला. तो सुपर बोल खेळून आला आणि 2025 मध्ये त्याला पाच वर्षांचं 265 मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं.

काही कारणं मात्र खरी असतात. पाय हळू आहेत ते हळूच राहतात, आणि शनिवारची बहुतेक पोरं दोन-तीन वर्षांत घरी जातात, आजोबांच्या वहीतही, पुढे चांगला निघाला म्हणून केलेल्या लाल खुणा थोड्याच आहेत.

आणि शोधून तरी काम अर्धंच होतं. जॉर्डन मैलाटा बघा. सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा, सहा फूट आठ इंच, अमेरिकन फुटबॉलची एक मॅच आयुष्यात खेळलेला नाही. फिलाडेल्फियाच्या ईगल्स टीमने 2018 ला सातव्या राउंडला, 233 नंबरला घेतला. आपल्या कबड्डीच्या गड्याला थेट दुसऱ्याच खेळात उभं करावं तसं. पहिली दोन वर्षं तो एकही मॅच खेळला नाही, कोच जेफ स्टाउटलंड त्याला पाय कुठे टाकायचा इथपासून शिकवत राहिले. 2020 ला उतरला, फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल जिंकला. दुसऱ्या एखाद्या टीमने पहिल्याच ऑगस्टमध्ये, सीझनआधी खेळाडू कमी करताना, त्याला घरी पाठवलं असतं आणि आपल्याला नावही कळलं नसतं. अशी किती पोरं परत गेली असतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

2026 चा ड्राफ्ट आमच्या पिट्सबर्गमध्ये आहे, 23 ते 25 एप्रिल. ऑफिसमधले सगळे गुरुवारचं बोलतायत, स्टेजजवळ जागा कशी मिळेल वगैरे. मी शनिवारची सुट्टी मोकळी ठेवलीये. आजोबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून गेली दोन वर्षं वही मीच लिहिते, ते ऐकतात आणि मध्येच हात वर करून थांबवतात, "कॉलेज परत सांग." गर्दीत त्यांना नेणं जमणार नाही, त्यामुळे त्यांच्याच हॉलमध्ये बसणार आम्ही, चौथा राउंड सुरू व्हायच्या आधी. नवीन पानावर रकाने आखून झालेत.