कोतवाल बुकातली दोन मुलं

काका, नमस्कार.

पणजोबांच्या शोधाबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण तुमच्या एका शंकेसाठी मला सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन शाळेचं रजिस्टर पुन्हा बघावं लागलं. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका विचारतात, गरिबाला कसली आली वंशावळ? हेळव्याच्या, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्याच्या, वहीत नाही ते कचेरीत काय सापडणार? शाळेच्या रजिस्टरातला मुलगा आमचे आजोबाच कशावरून, आडनाव तर जुळत नाही. कुलकर्ण्याने लिहिलेल्या कागदावर विसंबून मी घरातल्या म्हाताऱ्यांना खोटं पाडलं, असंही ते म्हणतात. आणि शेवटचं वाक्य, जे मला लागलं: "झाकली मूठ उघडून तुम्ही घरची लक्तरं वेशीवर टांगलीत."

आडनावापासून सुरुवात करते. तुमची शंका रास्त होती, लेखात मी ते नीट मांडलंच नव्हतं. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदवहीत, पणजोबांचं नाव भावकीच्या आडनावाने आहे. हरिपूरच्या शाळेत आजोबांचं नाव गावाच्या नावापुढे 'कर' लावून घातलंय. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाला नवीन ठिकाणी लोक गावावरूनच ओळखतात, आणि मास्तर तेच लिहितात. आपल्या सातारा जिल्ह्यातच बघा ना. कटगुणच्या गोऱ्हे घराण्यातले जोतीराव फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. सातारच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या मुलाचं नाव पडलं त्याच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव आंबडवे, आणि रजिस्टरात आहे भिवा रामजी आंबेडकर. तेव्हा नुसतं आडनाव जुळलं नाही म्हणून माणूस वेगळा, असं मला म्हणता येत नाही. पण आडनाव सोडून बाकी काय जुळतं हे दाखवणं माझं काम होतं. परवा पुन्हा पाहिलं. जन्मगावाच्या रकान्यात आमचंच गाव आहे. वडिलांच्या नावापुढे 'मयत' आहे. पालक: आई, धंदा मजुरी. आणि लगेच पुढच्या नंबरवर थोरल्या भावाचं नाव, तोच पत्ता, तीच दाखल तारीख. हे चारही योगायोग असतील असं मला वाटत नाही.

जन्मतारीख मात्र दोघांचीही १ जून, एका वर्षाच्या फरकाने. ती मी सोडून दिली आहे. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तरांनी किती पोरांना १ जूनला जन्माला घातलं हे तुम्हीही जाणता, स्वतः मास्तर होतात. उपयोगी पडली ती शाळा सोडल्याची तारीख. फाल्गुनातली, कारण 'सतत गैरहजर'. फाल्गुन म्हणजे हळद काढायचे, शिजवायचे दिवस. हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, तेव्हा हाताला काम असायचं. आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूसही विझणार. हे ते साधारण दहा वर्षांचे असताना शिकले, हे मला रजिस्टरामुळे कळलं. ते स्वतः वय कधीच सांगत नसत.

आता हेळव्याबद्दल. हेळवी आमच्या भावकीत अजून येतात, त्यांची वही मी पाहिली आहे आणि मला तिचा आदर आहे. सात पिढ्या त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. पण आमची फांदी पणजोबांच्या नावावर थांबते. साहजिक आहे. जमीन गेली, बिऱ्हाड उठलं, धान्य घालायला उंबरा राहिला नाही, मग त्यांनी यायचं तरी कुठे? वहीत आमची फांदी थांबली त्याच सुमाराला सरकारी कागदात ती पुन्हा पुन्हा दिसू लागते. कष्टकरी माणूस दप्तरात येतो तो बहुतेक वेळा काही गमावताना: कुणी मेलं, जमीन लिहून दिली, पोराचं नाव शाळेतून कमी झालं. तुम्ही म्हणता तसं ते लिहिणारा दुसराच असतो. खरं आहे. पण आमच्या माणसांना लिहिताच येत नव्हतं, तर दुसऱ्याने लिहिलेलं टाकून द्यायला माझ्याकडे दुसरं आहे काय?

घरच्यांना खोटं पाडल्याचा आरोप. आमच्या घरात तीन पिढ्या एकच गोष्ट सांगितली गेली, की पणजोबांनी चार एकर जमीन दारूत घालवली. माझ्या लहानपणी वडिलांनी एक पेग जरी घेतला तरी आजी म्हणायची, "आज्यावर गेला." मी दहिवडीच्या तहसील कचेरीत गेले तेव्हा मलाही हेच खरं वाटत होतं. नकलेचा अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि गाव नमुना नंबर चौदा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर, मागितलं. पानं मोडीत होती. साताऱ्याच्या एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींनी शेजारी बसून ती वाचून दिली.

ऑक्टोबर १९१८. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ. त्या महिन्यात एका पानावर जितकी मरणं आहेत तितकी आधीच्या अख्ख्या वर्षात नाहीत. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ताप, ताप, ताप. त्यात पणजोबांच्या नावाखाली दोन नोंदी आहेत, नऊ दिवसांच्या अंतराने. एक मुलगा, वय पाच. एक मुलगी, वय दोन महिने, आणि नावाच्या जागी 'नाव ठेवले नाही'.

ही दोन मुलं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. वडिलांना नाही, आत्यांना नाही.

त्याच साली पाऊसही गेला होता. माणदेशात जिराईत चार एकर म्हणजे पावसावरची बाजरी, दुसरं काही नाही. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, फेरफाराला नोंद आहे: एकशे वीस रुपयांना तीन वर्षांच्या मुदतीने खरेदी. मुदत खरेदी म्हणजे नाव विक्रीचं, पोटात गहाण. पैसे मुदतीत फिटले नाहीत की जमीन कायमची गेली. ती १९२२ मध्ये गेली. सातारा जिल्ह्याला १८७९ पासून दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारणाचा कायदा लागू होता, अशा व्यवहाराच्या मुळाशी जायची मुभा कोर्टाला होती. पण कोर्टात जायला तिथपर्यंत पोचणारा माणूस लागतो, वकील लागतो, तारखेला बुडणारी मजुरी लागते.

पणजोबा पीत नव्हते, असं कागद सांगत नाही. इथे मी तुमच्याशी सहमत आहे, आणि लेखात मी ज्या जोरात 'दारूचा डाग पुसला' असं लिहिलं होतं तो जोर मागे घेते. पीत असतीलही. दोन लेकरं नऊ दिवसांत पुरल्यावर प्यायला लागले असतील. पण आधी मरणं, मग दुष्काळ, मग कर्ज, हा क्रम आता तारखांसह माझ्यासमोर आहे, आणि 'जमीन दारूत घालवली' हे वाक्य यापुढे मी माझ्या मुलांना सांगणार नाही.

पणजीचं नावही असंच मिळालं. घरात ती 'हरिपूरची आई' म्हणूनच लक्षात होती. गावात राहिलेल्या पाऊण एकर पडीची १९२७ ची वारस नोंद सापडली. दोन अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, मुलं, आणि त्यापुढे 'अ. पा. क. आई', म्हणजे अज्ञान पालन कर्ती, मग तिचं नाव, कोम, आणि नवऱ्याचं नाव. 'कोम' या दोन अक्षरांत तेव्हा बाई कुणाची बायको ते सांगून व्हायचं. मला त्याच्या आधीचा शब्द, म्हणजे तिचं स्वतःचं नाव, हवा होता. सत्तावीस सालानंतर तो कुणी मोठ्याने उच्चारल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

लक्तरांबद्दल एवढंच म्हणते की ज्याने एकशे वीस रुपयांत चार एकर घेतली त्याच्या घरी ही गोष्ट लाज म्हणून सांगितली गेली नसेल. आमच्याकडे मात्र ती शंभर वर्षं लाज म्हणूनच राहिली. ज्याचं गेलं त्यानेच मान खाली घालायची, हे मला मान्य नाही. तरीही तुमचं एक ऐकलं आहे. लेखात मी सावकाराच्या घराण्याचं आडनाव दिलं होतं, ते काल काढलं. त्यांची नातवंडं गावात आहेत, त्यांनी काही केलेलं नाही. पणजीचं नावही मी इथे लिहीत नाही, कारण धाकट्या आत्याला ते आवडणार नाही, आणि तिचा हक्क माझ्याइतकाच आहे. ते घरच्या वंशावळीत लिहिलं आहे.

'यातून मिळवलं काय?' असंही तुम्ही विचारलंत. माझे वडील चौतीस वर्षं मार्केट यार्डात हमाल होते. मी नक्कल घेऊन आले त्या रात्री त्यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोरीला पण घाल." मी म्हटलं, तिचं नावच नाही. म्हणाले, "नसूदे. जागा ठेव." तशी जागा ठेवली आहे, पाच वर्षांच्या मुलाशेजारी.

एक विनंती आहे. प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंत की तुमच्या आई नव्वदीच्या आहेत, मूळच्या म्हसवडकडच्या, आणि पूर्वी कोणकोणती बिऱ्हाडं खाली कृष्णाकाठाला कामाला गेली ते त्यांना त्यांच्या आजीकडून ऐकून माहीत आहे. वाट कुठली होती, विट्यावरून की आटपाडीकडून, आणि मुक्काम कुठे पडायचे, हे कुठल्याच कागदात मला सापडलेलं नाही. त्यांना बरं असेल त्या दिवशी विचाराल का? मी येऊन बसेन, रविवार सोडून कधीही.