‘आधी कट नसेल तर तो खून नव्हे’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ऐरोलीला राहणारा माझा भाचा फौजदाराच्या परीक्षेची तयारी करतो आहे. गेल्या आठवड्यात त्याची वही सहज चाळताना लाल शाईने अधोरेखित केलेली एक ओळ दिसली : ‘हेतुपुरस्सर म्हणजेच पूर्वनियोजित. आधी कट नसेल तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध.’ हे कुठल्या पुस्तकातले, असे विचारल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. ‘मराठी माणसाला प्लॅनिंग का जमत नाही?’ या मथळ्याचा तो मजकूर मला स्वतःलाही तीन गटांतून आला होता आणि मी तो न वाचताच पुसून टाकला होता. वाचायला हवा होता, असे आता वाटते.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : आधी ठरवून केलेल्या कामाला मराठीत चांगला शब्दच नाही, आहेत ते कट, कारस्थान, डाव असे काळे शब्द, बेत आणि मनसुबा हे ‘उर्दू’, ‘पूर्वनियोजित’ हा शब्द अशुद्ध, कारण नियोजन हे पूर्वीच असते, आणि सरतेशेवटी, वहीत उतरलेले ते कायद्याचे ज्ञान.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. वर्षाच्या जमाखर्चाला अर्थसंकल्प म्हणणाऱ्या आणि कुटुंबनियोजन हा शब्द खेडोपाडी भिंतींवर रंगवणाऱ्या भाषेला योजना, आखणी, तजवीज हे शब्द कोणी शिकवायला नकोत. ‘कारस्थान’ तरी नेहमी काळे कुठे असते? 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांना दूर सारण्यासाठी कारभारी एकत्र आले, त्या उद्योगाला आपण ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणतो आणि शाळेत ते कौतुकानेच शिकवले जाते. मनसुबा मूळचा अरबी, हे खरे. बुद्धिबळाच्या पटावर मुद्दाम मांडून दिलेल्या कोड्याला अरबीत हाच शब्द होता. पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत बेत, मसलत आणि मनसुबा हे तिन्ही मराठी शब्द म्हणून नांदत आहेत. त्यांना परके ठरवणाऱ्याने स्वतःच्या मथळ्यात ‘प्लॅनिंग’ लिहावे, याला काय म्हणावे? एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो की बेत हल्ली पुरणपोळीपुरता उरला आहे आणि मनसुबे बातम्यांत फक्त उधळले जाण्यासाठी येतात.

‘पूर्वनियोजित’मध्ये द्विरुक्ती आहे, ही तक्रारही अर्धी खरी आहे. परंतु ‘नियोजित’ या शब्दाचा रोख मराठीत बहुधा पुढच्या काळाकडे असतो. नियोजित वर म्हणजे ज्याचे लग्न व्हायचे आहे तो; नवी मुंबईचा विमानतळ कितीतरी वर्षे ‘नियोजित’च होता. घडून गेलेली गोष्ट आधी ठरवलेली होती, विशेषतः ती अचानक घडल्यासारखी दिसत असताना, हे सांगायचे असेल तेव्हा ‘पूर्व’ लागतो. म्हणूनच सिडकोने वसवलेल्या शहराला आपण नियोजित शहर म्हणतो आणि हल्ल्याला पूर्वनियोजित म्हणतो.

आता त्या लाल ओळीकडे वळतो, कारण खरे नुकसान तिच्यात आहे. ‘मुद्दाम’ आणि ‘ठरवून’ यांतला फरक ठाणे स्थानकावर सकाळी लोकल पकडणाऱ्या कोणालाही कळतो. मुद्दाम दिलेल्या धक्क्यामागचा हेतू त्याच क्षणी जन्मलेला असू शकतो. ठरवून दिलेला धक्का घरून निघतानाच मनात असतो. हेतुपुरस्सर हा शब्द पहिल्या जातीचा, पूर्वनियोजित दुसऱ्या. हेतू कृतीच्या पुढे चालतो, पण किती पुढे, याची अट त्या शब्दात नाही.

कायदाही हाच भेद पाळतो. खुनाची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी ती दंड संहितेच्या कलम 300 मध्ये होती. ती व्याख्या मृत्यू किंवा विशिष्ट प्रकारची इजा घडवण्याच्या उद्देशाविषयी आणि परिणामाच्या जाणिवेविषयी बोलते. पूर्वनियोजनाची अट तिच्यात कोठेही नाही. ती कल्पना येते खून न मानता सदोष मनुष्यवध हा सौम्य गुन्हा मानण्याच्या अपवादांत, म्हणजे बचावाचा हक्क ओलांडला गेला असता किंवा अकस्मात उद्भवलेल्या भांडणात रागाच्या भरात मृत्यू घडला असता. तेथेही पूर्वनियोजन नसणे एकटे पुरत नाही, कारण भांडणाच्या अपवादात आरोपीने गैरफायदा घेतलेला नसावा आणि क्रूर किंवा असाधारण रीतीने वागलेला नसावा, अशीही अट आहे. घोडबंदर रस्त्यावर गाडीला गाडी घासली म्हणून जो डिकीतून कांब काढतो आणि खाली पडलेल्या निःशस्त्र माणसाच्या डोक्यावर घाव घालत राहतो, त्याने आदल्या रात्री काही ठरवलेले नसते. तेवढ्यावर तो खुनाच्या आरोपातून सुटत नाही.

‘आधी कट नसेल तर’ हे शब्द तर दुहेरी चुकीचे आहेत. फौजदारीपात्र कटाला न्याय संहितेच्या कलम 61 प्रमाणे किमान दोन माणसांचे संगनमत लागते. एकट्याने महिनाभर आखून केलेला खून पूर्वनियोजित असतो, पण त्यात कट नसतो.

हा गोंधळ बहुधा अमेरिकी मालिकांतून आला असावा. तिकडे पेनसिल्वेनियाने 1794 मध्ये खुनाच्या प्रती, म्हणजे गांभीर्याप्रमाणे श्रेणी, पाडल्या आणि पूर्वनियोजित खून पहिल्या प्रतीत घातला. आपल्या संहितेत अशा प्रती नाहीत. उद्या ठाण्यातल्या एखाद्या चौकीत फिर्याद लिहून घेणारा अधिकारी ‘आधी ठरले होते का?’ एवढेच विचारून कलम ठरवू लागला, तर त्याची किंमत मृताच्या घरच्यांना मोजावी लागेल.

भाच्याने ती ओळ माझ्यासमोर खोडली. ‘मामा, पण आमच्या अभ्यासिकेत सगळ्यांनीच ती उतरवून घेतली आहे,’ असे तो म्हणाला, म्हणून हे लिहून त्याच्याकडे पाठवतो आहे.