टायटॅनिकचा 'नो पोप' नंबर आणि १९१२ चं खरं बेलफास्ट

एप्रिल उजाडला की टायटॅनिक पुन्हा तरंगायला लागतं. आधी फोटो येतात, मग व्हिडिओ आणि त्यांच्या मागोमाग थोड्याफार फरकाने हा मजकूर:

"टायटॅनिक आयर्लंडमधल्या बेलफास्टला बांधलं गेलं. कट्टर प्रोटेस्टंट मालकांनी जहाजाला मुद्दाम ३९०९०४ हा नंबर दिला. आरशात तो इंग्रजीत 'नो पोप', म्हणजे 'पोप नको' असा वाचता येतो. पाण्यातलं प्रतिबिंब पाहून कॅथलिक कामगार हादरले, त्यांनी काम थांबवलं. तसं त्या गोदीत कॅथलिकांना कामच मिळत नसे. या पापाचं फळ म्हणून जहाज पहिल्याच सफरीत बुडालं."

पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्यांकडे एकेक करून बघू.

आरशाचा खेळ मजेदार आहे, हे मान्य. कागदावर इंग्रजी आकड्यांत ३९०९०४ लिहा, चारचं डोकं उघडं ठेवा आणि कागद आरशासमोर धरा. चारचा एन होतो, शून्याचा ओ, नवाचा पी आणि तीनचा ई. (देवनागरी आकड्यांत लिहिलंत तर पोपला काही धोका नाही.) पण हा आकडा टायटॅनिकचा नव्हताच. हारलँड अँड वुल्फ ही टायटॅनिक बांधणारी कंपनी आपल्या जहाजांना बांधणीच्या ओळीने नंबर देई. ऑलिंपिक या टायटॅनिकच्या जोडीच्या जहाजाचा ४००, त्याच्या शेजारीच उभ्या राहिलेल्या टायटॅनिकचा ४०१. पहिल्या नंबरापासून इथवर यायला गोदीला पन्नासेक वर्षं लागली होती. ३,९०,९०४ व्या जहाजापर्यंत पोचायचं तर आज ती गोदी दिवसरात्र चालवूनही भागलं नसतं. सरकारी नोंदणीचा क्रमांक वेगळा, तो १३१४२८. नोंदणी लिव्हरपूलची, आणि हा क्रमांक कायद्याने जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरावा लागे, बाहेर रंगवायचा नसे. १९८५ मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले, तेव्हापासूनच्या चित्रणांत जहाजाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यावर ४०१ हा आकडा दिसलेला आहे. तो आरशात धरून कुठलाही धर्म दुखावत नाही.

आता ते 'पाण्यातलं प्रतिबिंब'. हे लिहिणारा कधी तळ्याकाठी उभा राहिला नसावा. भिंतीवरच्या आरशासमोर धरलेल्या कागदाची डावी-उजवी बाजू उलटते. पाण्यात वर-खाली उलटतं. जहाजाच्या अंगावर तो आकडा असता तरी पाण्यात तीन तसाच तीन राहिला असता, नवाचं पोट खाली लोंबलं असतं आणि पी काही झाला नसता. शिवाय ३१ मार्च १९०९ ला कणा बसवला तिथपासून ३१ मे १९११ ला पाण्यात सोडेपर्यंत जहाज उतरत्या धक्क्यावर कोरडंच उभं होतं. प्रतिबिंब बघायला खाली पाणी हवं ना!

'कट्टर प्रोटेस्टंट मालक' हा भाग वाचून मला खरंच हसू आलं, कारण १९१२ मध्ये बेलफास्टच्या कट्टरांचा ज्यांच्यावर सर्वांत जास्त राग होता अशांमध्ये या गोदीचे अध्यक्ष लॉर्ड पिरी होते. ते प्रोटेस्टंटच, पण उदारमतवादी पक्षाचे आणि आयर्लंडच्या होमरूलचे पाठीराखे. (होमरूल हा शब्द आपल्याला टिळक आणि बेझंटबाईंच्या १९१६ च्या चळवळीमुळे ठाऊक आहे. नाव आयर्लंडमधूनच आलं.) होमरूल म्हणजे डब्लिनला स्वतःची संसद. कॅथलिक बहुसंख्येच्या देशात आपण अल्पसंख्य होऊ, हा उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांचा धसका. फेब्रुवारी १९१२ मध्ये मंत्री असलेले विन्स्टन चर्चिल होमरूलच्या बाजूने बोलायला बेलफास्टला आले, तेव्हा त्यांना अल्स्टर हॉल मिळू दिला नाही. सभा सेल्टिक पार्क या फुटबॉलच्या मैदानावर भरवावी लागली, आणि अध्यक्षस्थानी होते पिरी. त्यानंतर लार्न बंदरात जमावाने पिरींवर सडकी अंडी फेकली. असा माणूस आपल्या जहाजावर 'पोप नको' लिहून घेईल?

आता सगळ्यांत गंभीर वाक्य: 'कॅथलिकांना कामच मिळत नसे'. मेसेजवाल्याला लक्षात आलेलं दिसत नाही, पण याच्या आधीच्याच ओळीत त्याने कॅथलिक कामगारांकडून काम थांबवून घेतलंय. त्यातली खरी गोष्ट अशी की शहरात कॅथलिक साधारण चौथा हिस्सा होते आणि गोदीत त्यांचं प्रमाण त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. कुशल कामं बापाकडून मुलाकडे, काकाच्या शब्दावर पुतण्याकडे जात, आणि ती घराणी प्रोटेस्टंट. नंबरात काही लपवायची गरजच नव्हती. भेदभाव उघड्यावर होता.

पण कॅथलिक तिथे होते. नसते तर जुलै १९१२ मध्ये हाकललं कोणाला? टायटॅनिक बुडून तीन महिनेही झाले नव्हते. २९ जूनला कॅसलडॉसन गावात हायबर्नियन या कॅथलिक संघटनेची मिरवणूक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहल समोरासमोर आली आणि हाणामारी झाली. बेलफास्टला बातमी पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. २ जुलैपासून शहरातल्या गोद्यांमध्ये कॅथलिकांना शोधून शोधून मारायला आणि बाहेर काढायला सुरुवात झाली. हत्यार वेगळं आणायला नको होतं. रिव्हेट, नट, बोल्ट, लोखंडाचे तुकडे पायाखालीच पडलेले. लग्नात उधळतात त्या कागदी चकत्यांवरून गावाने या फेकीला 'बेलफास्ट कॉन्फेटी' असं नाव देऊन ठेवलं होतं. त्या महिन्यात सुमारे तीन हजार माणसं कामावरून हुसकली गेली. त्यांतले काहीशे तर प्रोटेस्टंटच होते: समाजवादी, कामगार संघटनेचे, किंवा होमरूलबद्दल बरं बोलणारे. त्यांना 'सडके प्रॉड', म्हणजे सडके प्रोटेस्टंट, म्हणत.

मग २८ सप्टेंबर आला. त्या दिवशी बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये होमरूलच्या विरोधकांचे पुढारी एडवर्ड कार्सन यांनी होमरूलविरोधी करारनाम्यावर पहिली सही केली. एकूण २,३७,३६८ पुरुषांनी करारनाम्यावर आणि २,३४,०४६ बायकांनी त्याच्याच जोडीच्या वेगळ्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. हे सगळं नावानिशी नोंदलेलं आहे, कागद जपून ठेवलेले आहेत. त्या वर्षाचा द्वेष वाचायला कोणाला आरसा लागत नाही. 'नो पोप'च्या गोष्टीवर माझा राग आहे तो यासाठीच. हजारो शेजाऱ्यांनी हजारो शेजाऱ्यांची भाकरी काढून घेतली, त्याची जागा एका गुप्त नंबराने घेतली, आणि करणारे सगळे सुटले.

शापाचं म्हणाल, तर तो भलत्यांवरच पडला म्हणायचा. ११ एप्रिलला जहाज आयर्लंडच्या दक्षिणेला क्वीन्सटाऊनबाहेर थांबलं (त्याच दिवशी लंडनच्या संसदेत होमरूलचं बिल मांडलं गेलं). तिथे चढलेले बहुतेक सगळे प्रवासी तिसऱ्या वर्गाचे: अमेरिकेत पोट भरायला निघालेली, मुख्यतः कॅथलिक, तरुण मुलंमुली. मेयो परगण्यातल्या अ‍ॅडरगूल या एकाच पॅरिशमधले (एका चर्चच्या हद्दीतले) १४ जण जहाजावर होते. त्यांतले ११ गेले. पोपच्या निंदेची शिक्षा पोपच्याच लेकरांना? उलट ऑलिंपिक, म्हणजे त्याच गोदीत, त्याच हातांनी, त्याच नकाशांवरून बांधलेली थोरली बहीण, १९३५ पर्यंत अटलांटिकच्या फेऱ्या मारत राहिली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असंही म्हणता येत नाही, कारण इथे कावळाच बसला नव्हता.

फांदी का मोडली ते मात्र ठाऊक आहे. हिमनगांच्या सूचना बिनतारी संदेशांतून येत असताना वेग कमी केला नाही. आणि २,२०० च्या आसपास माणसं असलेल्या जहाजावर २० होड्या होत्या, त्यांत जागा ११७८ जणांची. हे बेकायदा नव्हतं. ब्रिटिश नियमांचा तक्ता दहा हजार टनांच्या जहाजांपाशी संपत होता आणि टायटॅनिक ४६ हजार टनांचं होतं. नियमाला लागत होत्या त्याहून जास्तच होड्या त्यावर होत्या.

राहता राहिलं 'कामगारांनी काम थांबवलं'. तसं खरोखर घडलं, पण टायटॅनिकवर नाही आणि बेलफास्टलाही नाही. टायटॅनिक बुडाल्यावर ऑलिंपिकवर घाईघाईने घडीच्या होड्या चढवल्या गेल्या. २४ एप्रिल १९१२ ला साउदॅम्प्टनला भट्टीवाल्यांनी त्या होड्या कुजक्या आहेत, समुद्रात टिकणार नाहीत असं म्हणत जहाज सोडलं. जहाज चालवणाऱ्या कंपनीने बदली माणसं आणली, तेव्हा त्या बिगर-संघटनेच्या माणसांबरोबर जायला नकार देऊन खलाशीही उतरले. सफर रद्द झाली. ५४ खलाशांना पोर्ट्‌समथच्या न्यायालयात उभं केलं. हुकूम मोडल्याचा आरोप शाबीत झाला, पण टायटॅनिक नुकतंच बुडालेलं असताना दंडाधिकाऱ्यांनी एकालाही शिक्षा दिली नाही.