पत्रिकेत ‘ठीक ५ वाजता’ छापा, सहाला निघा

चर्चमध्ये लग्न ठरलंय? अभिनंदन. आम्हा नाशिकच्या पाळकांना, म्हणजे चर्चमध्ये लग्न लावणाऱ्यांना, वाट बघायचा सराव आहेच, मागच्या शनिवारी उशिरा आलेल्या एका लग्नाने तो आणखी पक्का केला. तेव्हा यंदाच्या सीझनसाठी काही सल्ले, अगदी फुकट.

सुरुवात पत्रिकेपासून. ‘विवाहविधी सायंकाळी ठीक ५ वाजता’ असं छापा. ‘ठीक’ गाळू नका. त्या एका शब्दावर पाहुणे पावणेपाचला येऊन बसतात, ऑर्गनवाला साडेचारपासून तीच धून घोळवत राहतो आणि तुम्ही निवांत असता.

लग्नाआधी तीन रविवार उपासनेत तुमची नावं पुकारून कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. त्या तिन्ही रविवारी हॉल बघायला जा.

फोटोशूट आदल्या दिवशी उरकू नका. लग्नाच्याच दिवशी, चार वाजता, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जा. ऊन कलल्यावर उजेड छान पडतो असं फोटोग्राफर म्हणतो, आणि तो पाळकापेक्षा कितीतरी महाग असल्यामुळे त्याचंच ऐकायला हवं. तिथून गाऊन सावरायला परत पार्लर. शनिवारी संध्याकाळी शरणपूर रोडवर गाडी कशी सरकते ते तुम्हाला ठाऊक आहे. वऱ्हाड नाशिकरोडहून येणार असेल तर द्वारका चौकातली कोंडी आहेच.

गेटवर नाशिक ढोल सांगून ठेवा. गेटपासून दारापर्यंत चाळीस पावलं असतील, ती पंचवीस मिनिटांत कापा.

आता घड्याळात सहा पस्तीस. इथे एक किरकोळ अडचण येते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा आहे, आणि तेव्हा ड्रोन नव्हते. कलम १० सांगतं, लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच लावायचं. कलम ६९ सांगतं, जाणूनबुजून त्या वेळेबाहेर किंवा दोन विश्वासू साक्षीदारांशिवाय लग्न लावलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. कोणाला? लावणाऱ्याला. नवऱ्याला नाही, फोटोग्राफरला नाही, मेकअपवाल्या ताईंना तर नाहीच. काही चर्चना बिशपसाहेबांच्या खास परवान्याने वेळेची सूट मिळते, पण तो परवाना आधी आणावा लागतो. ढोलाच्या घोळक्यात उभं राहून व्हॉट्सॲपवर मागता येत नाही.

हिशेब करून बघा. गीत आणि प्रार्थना दहा मिनिटं, शास्त्रवाचन पाच, उपदेश पंधरा, वचनं आणि अंगठ्या पंधरा, नोंदवही दहा, शेवटचं गीत आणि आशीर्वाद पाच. झाला एक तास. हातात आहेत पंचवीस मिनिटं. उपदेश गेला, त्याचं तुम्हाला वाईट वाटणार नाही, ठीक. गीताची तीन कडवी गेली. पण वचनं कशी कापायची? ती पाळकामागून तुकड्यातुकड्यांनी म्हणायची असतात, स्वतःचं नाव घेऊन, समोरच्याचं नाव घेऊन. आणि नेमका तेव्हाच व्हिडिओवाला वेदीच्या पायरीवर चढतो. “फादर, जरा डावीकडे.” फादर नाही हो, पाळक. मग, “अंगठी परत एकदा, क्लोजअप राहिला.” परत? अंगठी एकदाच घालायची असते! वचन दिलं, अंगठी गेली बोटात, झालं. दुसऱ्यांदा घातली की ते नाटक, आणि नाटकाला कालिदास कलामंदिर आहे, तिथे तारीख घ्या.

नवराबायकोच्या दोन्ही बाजूंना कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांचं कारंजं उडवणारी मशीन, लावा. नाव कोल्ड असलं तरी मशीनचं तोंड चांगलंच तापतं. खाली काथ्याची पायघडी आणि शेजारी जुनी सागवानी बाकं असली की फोटो झकास येतो.

भावी नगरसेवकांना वेदीवरून दोन शब्द बोलू द्या. सिंहस्थाचे रस्ते त्यात आलेच पाहिजेत.

साक्षीदार म्हणून असे दोन मित्र निवडा, जे सहीच्या वेळी पार्किंगमध्ये असतील.

नोंदवहीत नाव हवं ते सांगा. आधारवर एक, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, वहीत घरचं लाडाचं तिसरं. तीन वर्षांनी व्हिसा अडकला की या, “सलाम पाळकसाहेब, तेवढं खोडून नीट करून द्या ना.” खोडून काहीही होत नाही. चूक सापडल्यापासून एका महिन्याच्या आत, नवराबायको दोघांच्या समोर, मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही आणि तारीख. ते कलम ७८. मुद्दाम खोटी नोंद केली तर कलम ७५, सात वर्षांपर्यंत. आधीची तीन धरली तर एका लग्नात दहा वर्षं. पाळकाची पेन्शन सुरू व्हायला तेवढीच उरलेली असतात.

बरं, पुरे झालं. सरळ सांगतो.

पुढच्या बाकावर नवऱ्याची आजी साडेचारपासून बसलेली असते. मधुमेह आहे, गोळी दुपारी घेतलेली, पोटात काही नाही. पदराच्या गाठीत दोन ग्लुकोजची बिस्किटं असतात आणि ‘देवाच्या घरात कसं खायचं’ म्हणून ती मुठीत धरून ठेवते. सहा पस्तीसला तुम्ही धुरातून नाचत आत येता तेव्हा त्या बिस्किटांचा चुरा झालेला असतो. लाज वाटत नाही? दोनशे माणसं दोन तास ताटकळत ठेवायची आणि मग देवासमोर उभं राहून आयुष्यभराचा शब्द द्यायचा? पाचचा शब्द पाळता आला नाही तुम्हाला. आणि आईबापांनो, मुलांना काय म्हणायचं, गाड्या कुठे वळवायच्या ते तुम्हीच ठरवत होतात ना?

पाचचं लग्न असेल तर साडेचारला नवरी दारात हवी. आधारच्या प्रती आठ दिवस आधी द्या. दोन साक्षीदार दुसऱ्या बाकावर बसवा, काळ्या शाईचं पेन त्यांच्याच खिशात असू द्या. सहापर्यंत आला नाहीत तर वही कपाटात जाईल. कायदा सकाळी ६ वाजता पुन्हा परवानगी देतो. रविवार असला तरी साडेआठच्या उपासनेआधी लावून देईन. मेकअपवाल्या ताईंना तीनला उठायला सांगून ठेवा.