लंडनच्या जूनमध्ये मुलतानी राग किती वाजता?

दादर-पार्ल्यात रागसमयाचा, म्हणजे कुठला राग कुठल्या वेळी गावा याचा, वाद अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, सामवेदापासून चालत आलेला धर्माचा नियम आहे, मोडायचा नाही. दुसरी म्हणते, एसी हॉलमध्ये कसली आलीय सकाळ नि संध्याकाळ! लंडनहून ऐकताना वाटतं, दोघांनीही संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे कपाटातच ठेवलेत.

वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेल्या या वकिलाने 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून लिहिले. ग्रंथांतलं संगीत आणि आजचं संगीत एक नव्हे, हे ते ठासून मांडतात. अहोबलाच्या 'संगीत पारिजात' या जुन्या ग्रंथातलं शुद्ध सप्तक आजच्या काफी थाटासारखं, आपलं मात्र बिलावल थाटाचं. वेळेचा नियम ते सोडत नाहीत, पण तो सुरांवर उभा करतात. रे कोमल आणि ग शुद्ध असला की राग संधिप्रकाशाचा, म्हणजे सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळेचा. वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) असेल तर राग दुपारी बारा ते मध्यरात्रीचा, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) असेल तर मध्यरात्र ते दुपारचा. मारवा आणि सोहनीचे सहा सूर तेच. मारव्याचा वादी रिषभ (रे) म्हणून तो सूर्यास्ताचा, सोहनीचा धैवत (ध) म्हणून ती उत्तररात्रीची. आणि धर्माचंच म्हणाल, तर आपल्या मध्यरात्रीच्या मालकंसाचेच सूर असलेला हिंदोलम माटुंग्याच्या षण्मुखानंदमध्ये संध्याकाळी सहाला गायला तरी कर्नाटक संगीताचा एकही रसिक दचकणार नाही.

परदेशात प्रश्न घड्याळाचा होतो. मुंबईचा सूर्यास्त वर्षभर सहा ते साडेसातच्या आत उरकतो. लंडनला 21 जूनला सव्वानऊ वाजून जातात, 21 डिसेंबरला चारसुद्धा वाजत नाहीत. दिवसाचे चार प्रहर धरले, तर जूनमधला एक प्रहर चार तासांहून मोठा, डिसेंबरमधला दोन तासांचाही नाही. म्हणून साडेसहाच्या कार्यक्रमाला बारा महिने रात्रीच्या पहिल्या प्रहराचा यमनच लावणं मला पटत नाही. जूनमध्ये तेव्हा लख्ख ऊन असतं, दिवसाचा चौथा प्रहर चालू असतो. तिसऱ्या प्रहरातल्या भीमपलासीची वेळ जरा उलटलेली, तरी सुरुवातीला चालून जाईल. मग चौथ्या प्रहराचा मुलतानी, आणि नवाच्या सुमाराला सूर्यास्ताचा पूरिया धनाश्री. डिसेंबरमध्ये साडेसहाला यमन बिनधास्त गावा, आठनंतर बिहाग किंवा बागेश्री.

या क्रमाची कळ मुलतानीत आहे. भातखंडे त्याला परमेलप्रवेशक, म्हणजे पुढच्या मेळात (सुरांच्या संचात) नेणारा राग म्हणतात: कोमल गंधार (ग) भीमपलासीकडचा, कोमल रे-ध आणि तीव्र मध्यम पूरिया धनाश्रीकडचे. एका मेळातून दुसऱ्यात श्रोत्याचा कान अलगद जातो. मुलतानी वगळला, तर गंधार एकदम शुद्ध झालेला खटकतो. पण मुलतानीचे सूर तोडीचेच आहेत. आरोहात (सूर चढताना) रे-ध वर्ज्य, 'नि सा ग म प' अशीच चाल हवी, आणि अवरोहात (उतरताना) रिषभावर मुक्काम नको. तिथे जरा रेंगाळलात की भर संध्याकाळी सकाळची तोडी उभी राहते.