ग्लिया म्हणजे नुसता डिंक नव्हे

मेंदूत निरोप वाहणाऱ्या चेतापेशींच्या जोडीला ज्या पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. त्यांच्याविषयी एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे: ‘ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे डिंक. चेतापेशींना चिकटवून धरण्यापलीकडे या पेशींना काम नाही, म्हणून फिरखोने त्यांना हे नाव दिलं. त्या चेतापेशींच्या दहापट असतात, म्हणूनच आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो.’

शब्दार्थ तेवढा बरोबर आहे.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखोने १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं ते मेंदूत मधल्या जागा भरून काढणाऱ्या पदार्थाला. आज ओळखल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या पेशींसाठी ते नाव नव्हतं. अर्थ सांगताना त्याने जर्मन ‘किट’ हा शब्द वापरला. किट म्हणजे खिडकीची काच बसवताना चौकटीत भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी. सरसाला जर्मनमध्ये ‘लाइम’ हा वेगळा शब्द आहे. डिंक दोन वस्तू जोडतो. लांबी फट भरते आणि वस्तू तिच्यात बसते. फिरखोच्या डोळ्यांपुढे हे दुसरं चित्र होतं. आणि त्याने हा पदार्थ क्षुल्लकही मानला नाही. मेंदूचे कितीतरी आजार इथेच सुरू होतात, हे त्याने १८५८च्या व्याख्यानांत बजावून सांगितलं. ग्लियापासून होणाऱ्या गाठीला ‘ग्लायोमा’ म्हणतात, तो शब्दही त्याचाच.

ग्लिया पेशींच्या वेगवेगळ्या प्रकारांची ओळख पुढे हळूहळू पटली. ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’ हे नाव १८९०च्या दशकात आलं. १९१९ ते १९२१ या काळात स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगाने मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोग्लिया (म्हणजेच ऑलिगोडेंड्रोसाइट) वेगळ्या काढून दाखवल्या.

‘काम नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त टोचतं. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण चढवतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात हेच वेष्टण नष्ट होतं आणि धडधाकट माणसाचे पाय लटपटतात, नजर अंधुक होते. ज्या घराने हे पाहिलं आहे, त्याला या पेशी बिनकामाच्या आहेत असं कोणत्या तोंडाने सांगायचं? अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींभोवती साचणारं ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देताना सोडतात ते रसायन, उचलतात. ते साचत राहिलं तर चेतापेशी मरतात. मायक्रोग्लिया मेंदूची राखण करतात.

राहिला दहापटीचा हिशेब. २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी मेंदूचा ऊतक विरघळवून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. चेतापेशी निघाल्या सुमारे ८,६०० कोटी, आणि ग्लिया धरून बाकीच्या सगळ्या पेशी मिळून जवळपास तेवढ्याच. दहापट असत्या तरी ‘१० टक्के वापर’ त्यातून निघत नाही, कारण ग्लियाही मेंदूच आहे आणि तो अहोरात्र कामात असतो.