‘मेन स्विच बंद केला की झाले’ हे खरे नाही

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरू लागतो. वीज गेल्यावर मेन स्विच बंद करावा, दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरचे एक टोक पेट्रोलच्या छोट्या जनरेटरमध्ये आणि दुसरे गीझरच्या सॉकेटमध्ये घालावे. चेंजओव्हर स्विचचा, म्हणजे घर एका वेळी बाहेरच्या विजेला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणाऱ्या स्विचचा, खर्च वाचतो, जनरेटर लहान असल्याने लाइनमनला धोका नाही आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे उपकरण) असल्याने घरच्यांनाही नाही, असा त्याचा आशय असतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. तो दिवस आठवणाऱ्यांना घरी जनरेटर असावा असे वाटणे साहजिक आहे. माझा आक्षेप त्या वायरला आहे.

या सल्ल्याची सगळी मदार मेन स्विचवर आहे आणि तो बंद राहण्याची हमी केवळ माणसाच्या आठवणीची आहे. जनरेटर लावणारा बाजारात गेलेला असताना घरातल्या कोणी ‘मेन पडलेला दिसतो’ म्हणून तो वर केला आणि तेव्हा बाहेरची वीज आलेली असली, तर दोन पुरवठे एकमेकांशी मेळ नसताना भिडतात. त्यात जनरेटरचे वाइंडिंग किंवा ती वायर जळते. ज्या जुन्या घरांत मेन म्हणजे फेजवरचा एक किटकॅट (हाताने काढता येणारा) फ्यूज आणि न्यूट्रलची सरळ पट्टी एवढेच असते, तिथे तर फ्यूज काढल्यावरही न्यूट्रल बाहेरच्या जाळ्याशी जोडलेलेच राहते.

मेन असा वर केला आणि बाहेरची वीज आलेली नसेल, तर होणारे अधिक वाईट आहे. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) 11,000 व्होल्टचे 433 व्होल्ट करते, पण वीज कोणत्या बाजूने आली याच्याशी त्याला देणेघेणे नसते. खालून 230 व्होल्ट मिळाले तर ते वरच्या बाजूला हजारो व्होल्ट उभे करू शकते. ‘छोटा जनरेटर शेजाऱ्यांच्या लोडखाली बंदच पडेल’ हा युक्तिवाद, वाहिनी अखंड असेल तर, बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र दुरुस्ती चालते ती नेमकी वाहिनी तुटलेली किंवा फीडर पिलरमधले (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीतले) फ्यूज काढलेले असताना. अशा वेळी तुमच्या बाजूच्या तुकड्यावर लोड नगण्य असू शकतो, जनरेटर निवांत चालतो आणि केबल जोडणाऱ्याच्या हातात 230 व्होल्ट येतात, तेवढे जीव घ्यायला पुरेसे असतात. त्याने आधी टेस्टरने तपासले असेलही. तुम्ही जनरेटर सुरू केला तो त्यानंतर दहा मिनिटांनी.

आरसीसीबीचा दिलासा तर पूर्णपणे चुकीचा आहे, कारण हे उपकरण स्वतःमधून गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहांतला फरक पाहते आणि घरगुती वापरात तो साधारणतः 30 मिलिअँपिअर झाला की पुरवठा तोडते. बहुतेक घरांत ते बोर्डाच्या तोंडाशी बसवलेले असते. गीझरच्या सॉकेटमधून आत शिरलेली वीज त्याच्या पुढच्या बाजूने बसबारवर (बोर्डातल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर) येते आणि तिथून इतर खोल्यांकडे वळते, म्हणजे ती त्या उपकरणातून जातच नाही. वॉशिंग मशीनच्या पत्र्यात गळती झाली तरी ते स्वस्थ राहील. शिवाय अनेक छोट्या जनरेटरांचे न्यूट्रल कुठेच अर्थ केलेले, म्हणजे जमिनीशी जोडलेले, नसते, त्यामुळे उपकरण योग्य जागी असूनही गळतीच्या प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही आणि ते पुरवठा तोडत नाही. न्यूट्रल कुठे आणि कसे अर्थ करायचे हे जोडणीआधीच ठरवावे लागते.

दोन्ही बाजूंना प्लग असलेल्या वायरबद्दल एवढेच पुरे की सॉकेटमधून ती निसटली, तर तिच्या उघड्या पितळी पिनांवर वीज असते.

राहिला खर्च. एकफेज जोडणीला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा, तर तीनफेज जोडणीला चार पोलचा चेंजओव्हर स्विच लागतो. त्याची मूठ एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकते आणि मधे बंदची जागा असते, म्हणून आठवणीवर काही सोडावे लागत नाही. इन्व्हर्टरवाले ‘आम्ही तर थेट जोडतो’ म्हणतात, तेव्हा हेच काम त्यांच्या यंत्रातला रिले करत असतो. जनरेटरची केबल भिंतीवर, पिना खोबणीत असलेल्या इनलेटमध्ये यावी आणि त्यापुढे जनरेटरच्या क्षमतेला साजेसा एमसीबी असावा. 2.5 केव्हीएचा जनरेटर जेमतेम 11 अँपिअर देतो. त्यावर एसी आणि गीझर एकत्र चालवण्याची आशा धरू नये. हे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, आणि त्याने चेंजओव्हर मीटरनंतर, बोर्डाच्या आधी बसवला आहे ना, हे स्वतः पाहावे.

एवढे नको असेल, तर पॅनेलला हात न लावता जाड तीन-कोर केबलने फ्रिज आणि दोन दिवे थेट जनरेटरच्याच सॉकेटवर चालवता येतात. मात्र जनरेटर ग्रिल लावलेल्या गॅलरीत ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो दारे-खिडक्यांपासून किमान 20 फूट दूर, उघड्यावर, बाजू मोकळ्या असलेल्या छपराखाली असावा आणि केबल ज्या खिडकीतून आत आणली तिची फट कापडाने बुजवलेली असावी.